जांभळा स्क्रू

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, घड्याळं दुरुस्त करतात. लोक म्हणतात, किती शांत बाई! लोकांना काय जातंय म्हणायला. डूख कसा धरावा हे शिकायचं असेल तर आमच्या घरी येऊन बसावं.

खिडकीशी त्यांचं टेबल आहे, छातीएवढं उंच. त्यावरून एखादा बारीक भाग खाली पडला की वन्सं नुसतं "थांबा!" म्हणतात आणि आम्ही सगळे असू तिथे पुतळे होतो. दूध उतू गेलं तरी हलायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, कुठल्या वेड्यांच्या घरात पडले!

तेव्हा माझ्या लेखी वेळ दाखवतं ते घड्याळ, विषय संपला. एकदा वन्संनी डोळ्याला लावायचं भिंग माझ्या हातात दिलं आणि एका स्विस घड्याळाचं मागचं झाकण उघडून समोर धरलं. आत पोलादी पट्ट्यांवर लाटांसारख्या बारीक रेघा, कडा आरशासारख्या घासलेल्या, लाल खडे, निळेशार स्क्रू. आणि एक चाक पुढे-मागे, पुढे-मागे हलत होतं, झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटासारखं.

"हे सगळं झाकणाखाली?" मी म्हटलं. "बघणार कोण?"

"कुणीच नाही," वन्सं म्हणाल्या. "तरी करतात. बाबांचं कामही असंच होतं."

बाबा म्हणजे माझे सासरे, मामंजी. मी त्यांना पाहिलं नाही. बाजारात त्यांचं भागीदारीतलं दुकान होतं. मामंजी आत टेबलाशी, भागीदार बाहेर गिऱ्हाइकाशी. भागीदाराने उभ्या जन्मात भिंग डोळ्याला लावलं नाही, पण जीभ अशी गोड की आलेला माणूस चहा पिऊनच जायचा.

एक कॅप्टन होते, बोटीवरचे. त्यांनी स्वित्झर्लंडहून हौसेने एक घड्याळ आणलं होतं. ते साफ करताना एक स्क्रू तुटला. मामंजींनी नवा घडवला आणि निळा करायला वन्संच्या हाती दिला. त्या शाळकरी पोर होत्या. स्क्रू स्पिरिटच्या दिव्यावर तापवला की आधी पिवळा होतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि मग निळा. निळा झाला की क्षणात उचलायचा. पोर घाबरली आणि तिने आधीच उचलला. स्क्रू जांभळाच राहिला. कॅप्टन समोरच खुर्चीत बसले होते. मामंजी ओशाळून म्हणाले, "दुसरा करून देतो." कॅप्टन हसले. "राहू दे हो. पोरीची सही आहे ती."

पुढे काही वर्षांनी तेच घड्याळ पुन्हा सफाईला आलं. मामंजींनी साफ करून भागीदाराकडे दिलं, भागीदाराने कॅप्टनांना पोचवलं. नंतर परगावी कुणीतरी ते उघडलं तर आत नकली मशीन. कॅप्टन दुकानावर चालून आले. आणि भागीदार पायरीवर उभा राहून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा म्हणाला, "मी यांना किती वेळा सांगितलं, साहेब, हाताला आवर घाला म्हणून!"

मामंजी खुलासा करायला कॅप्टनांच्या घरी गेले. दार उघडलं नाही. त्यानंतर त्यांच्या हातात चिमटा ठरेना. माणूस झुरून झुरून गेला. भागीदाराचं मात्र काचेचं मोठं शोरूम झालं, त्याच जागी, त्याच पायरीवर.

यंदाही त्या शोरूममध्ये हौशी लोकांसाठी भागीदाराच्या खाजगी घड्याळांचं प्रदर्शन लागलं. वन्सं दरवर्षी जातात. चांगलं मशीन बघायला मिळत असेल तर त्या शत्रूच्या दारातही जातात. या वेळी घरी आल्या, पोटभर जेवल्या आणि मला म्हणाल्या, "सापडलं, वहिनी. कॅप्टनांच्या मशीनला त्याने बाहेरून सोन्याची नवी केस करून घेतली आणि पाठीला काच बसवली. चोरीचा माल मिरवतोय मेला! आणि स्क्रू अजून जांभळाच आहे."

"आपटून फोडायचं ना तिथंच!" मी म्हटलं.

"मशीनचा काय गुन्हा?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कॅप्टनांकडे गेलो. म्हातारे झाले होते. वन्संनी स्वतःची ओळख दिली तसं त्यांचं तोंड आंबट झालं. वन्सं एवढंच म्हणाल्या, "एकदा येऊन बघा. पटलं नाही तर मलाही चोर म्हणा."

शोरूममध्ये भागीदार रंगात आला होता. "थेट कारखान्यातून! आत माणसाचा हात लागलेला नाही," असं म्हणत तो घड्याळ हातोहात फिरवत होता. ते कॅप्टनांच्या हाती आलं. वन्संनी आपलं भिंग पुढे केलं. कॅप्टनांनी पाहिलं, पाहतच राहिले.

"हा एक स्क्रू जांभळा आहे," ते म्हणाले.

भागीदार हसला. "होतं कधीकधी कारखान्यात."

"कारखान्यात नाही. माझ्यासमोर झालाय हा. या पोरीने तापवला होता."

भागीदाराच्या तोंडचं पाणी पळालं. तो वन्संच्या कानाशी आला. "ताई, जुनं झालं सगळं. आतल्या खोलीत बसून बोलू."

"माझ्या बापाला चोर म्हणालात ते पायरीवर," वन्सं म्हणाल्या. "आता आतली खोली कशाला?"

तो पायरीवर आला, कारण कॅप्टनांनी त्याचं मनगट धरलं होतं आणि सोडत नव्हते. काहीतरी पुटपुटला. "ऐकू आलं नाही," वन्सं म्हणाल्या. तो पुन्हा बोलला. "समोरच्या दुकानापर्यंत आवाज जाऊ दे," वन्सं म्हणाल्या. शेवटी तो ओरडला, की मशीन मीच बदललं, हिचे बाबा निर्दोष होते. रस्त्यावरची माणसं थांबली. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

कॅप्टनांनी भागीदाराकडून सोडवलेलं ते मशीन आणि नकली मशीनसकट आपली जुनी केस वन्संकडे आणून दिली. "पूर्वीसारखं करून दे, पोरी," म्हणाले. वन्संनी ते इतकं सुरेख जुळवलं की मला बघत राहावंसं वाटे. नकली मशीन त्यांनी मखमलीच्या डबीत घालून भागीदाराला पाठवून दिलं.

कॅप्टन न्यायला आले. भिंग मागून घेतलं, आत पाहिलं, आणि गोंधळले. सगळेच स्क्रू निळे होते.

"माझा जांभळा कुठे आहे?"

"माझी सही होती. मी काढून घेतली."

"अगं, मी चुकलो. माफी मागतो तुझी."

"माझी कशाला?" वन्सं म्हणाल्या. "ज्यांची मागायची, ते तुमच्या दाराशी आले होते."

म्हातारा घड्याळ घेऊन जिना उतरला. मध्येच थांबल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, आता वन्सं हाक मारतील. त्यांनी भिंग पुसलं आणि पुढचं घड्याळ उघडलं.