मामांची तेलाची कुप्पी

जगात बंद पडलेली वस्तू अशी नसतेच, असते ती फक्त तेल न मिळालेली, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. आमच्याकडे आले की मामा आधी फाटकाच्या बिजागरीत कुप्पीतून तेलाचे दोन थेंब सोडतात, मगच चपला काढतात. सगळी नोकरी त्यांनी मँगनीजच्या खाणीवर एक बुटकं वाफेचं इंजिन चालवण्यात घालवली. दगडांचे सहा डबे ओढत मोठ्या रेल्वेच्या सायडिंगपर्यंत जायचं आणि रिकामे घेऊन परत यायचं, एवढाच त्या इंजिनाचा प्रवास. मामांच्या तोंडून ऐकाल तर ते रोज दिल्ली गाठून यायचं. भट्टीच्या फावड्यावर वांगी भाजून खाल्लेला हा माणूस. माझ्या सासूबाईंनी हौसेने केलेल्या भरितावर त्यांचा शेरा होता, "बाई, ह्याच्यात कोळसाच नाही वं!" बॉयलरच्या काचेत पाणी अर्ध्याखाली गेलं की धोका, हे अंगात इतकं मुरलेलं की ते कुणाचा पेलाही अर्ध्याखाली उतरू देत नाहीत. मेव्हणीच्या लग्नात व्याह्यांना त्यांनी असे सात पेले पाजले आणि ऐन मंगलाष्टकांना व्याही जागेवर नव्हते.

खाणीवर डिझेल आलं, तेव्हा कंपनीने ते इंजिन रंगवून रामदासपेठेतल्या कचेरीसमोर रुळांच्या दोन तुकड्यांवर मांडलं. तेव्हापासून दर रविवारी मामा हिंगण्याहून कुप्पी घेऊन हजर. "आता ते कुठे जाणार आहे?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तुमी रिटायर झाल्यावर गुडघ्याले तेल लावान का नाही?" दुःख त्यांना एकच होतं. ड्यूटी संपली की चाकं जोडणारा रॉड खाली आणूनच इंजिन सोडायचं, ही त्यांची शिस्त. क्रेनवाल्यांनी मात्र रस्त्याकडचा रॉड वरच ठेवला. "बारा वर्षं झाली, हात वर करून उभी आहे बिचारी," म्हणायचे.

गेल्या महिन्यात एका रविवारी मामांसमोरच काही पोरं फोटोसाठी इंजिनाला रेलली आणि ते वीतभर पुढे सरकलं. मामांचा लगेच फोन. "चालली, जावईबापू! चालली!" हा आनंद चार दिवस टिकला. उद्या कुणाचा पाय सापडेल म्हणून कंपनीने चाकं रुळांना वेल्डिंगने जोडायचं ठरवलं. मामांच्या तेलानेच मामांचा घात केला.

वेल्डिंगच्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेलो. त्यांनी तासभर कंपनीच्या साहेबांना विनवलं. साहेब भले होते, पण ऐकेनात. शेवटी मामा म्हणाले, "मंग जाम करा. पण आधी रॉड तं खाली आणू द्या." चाकाखाली पहार लावली. वेल्डर, वॉचमन, मी, आणि बाह्या सरसावून खुद्द साहेब, सगळ्यांनी खांदा दिला. कुरकुर न करता इंजिन दोन हात सरकलं आणि रॉड खाली आला.

"थांब गा," मामा वेल्डरला म्हणाले. चाकावर हात ठेवला. "झाली ड्यूटी."

आमच्या घरी आल्यावर फाटकापाशी ते थांबले नाहीत. कुप्पी कोपऱ्यात ठेवून बसले. बायकोने पाणी दिलं. माझा पेला अर्ध्याखाली गेला तरी मामांचं लक्ष नव्हतं. त्यांचाही गेला होता. मला फार वाईट वाटलं. मी तांब्या उचलला आणि त्यांचा पेला काठोकाठ भरला.