नायलॉनची साडी, घोंगडी आणि पकड

लातूर जिल्हा झाला, गावोगाव पेढे वाटले, पण आमच्या औशाकडच्या गावात पाण्याचा टिपूस नव्हता. हवा इतकी कोरडी की बोलता बोलता ओठ फुटायचे. त्यातच माझ्या थोरल्या जावेला, अक्काला, तिच्या भावानं नायलॉनची साडी घेतली. बाई गरीब गाय, पण ती साडी तिच्या जिवावर बेतली.

अंधाऱ्या माजघरात ती घोंगडीवर बसून डाळ निवडत होती. उठली तशी साडी घोंगडीला घासून चटचट वाजली, निळ्या ठिणग्या उडाल्या. सासूनं काय झालं म्हणून हात लावला, तर तिला चटका बसला.

"अगं बया! भानामती! हीच करून राहिली समदं!"

आमच्या दोन म्हशी चाऱ्यावाचून मेल्या होत्या. ते पापही लगेच जावेच्या माथी बसलं.

भानामती करणारणीचे दात पाडायचे, ही आमच्याकडची रीत. दात गेले की मंतर नीट म्हणता येत नाही म्हणे. मुडदा बशीवला त्या रितीचा! घटकाभरात भावकी माजघरात घुसली. जावेला केस धरून त्याच घोंगडीवर आडवं पाडलं. तिचे हात दाबून धरले कुणी? तिच्याच नवऱ्यानं, माझ्या थोरल्या दिरानं. चुलत दिरानं तिच्या तोंडात पकड घातली. मी मधी पडले तर पाठीत काठी बसली. समोरचा एक दात मुळासकट निघाला आणि ती ओरडली, ते अजून माझ्या कानात आहे. पकड पुन्हा तोंडाकडं गेली.

मी नांदेडची. थंडीत आम्ही पोरी नायलॉनची ओढणी घोंगडीवर घासायचो, एकमेकींना चटके द्यायचो आणि खिदळायचो. पण हे यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. माझं डोकंच फिरलं. ट्रंकेतली माझी नायलॉनची साडी उपसली, सासूचं बखोट धरून तिला भिंतीशी रेटलं, तिच्या अंगावर दुसरी घोंगडी टाकली आणि जीव खाऊन साडी घासली. मग खस्सकन ओढली. सासूच्या खांद्यावरून ठिणग्या तडतडल्या, सगळ्यांनी बघितल्या.

"घ्या! आत्याबाईबी करून राहिल्या! भावजी, आता ह्यांचे दात काढा!"

सासूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "न्हाई रे बाबा, म्या काय केलं न्हाई!"

"मग अक्कानं काय केलं होतं?" मी ओरडले.

दिराचे हात सुटले. चुलत दीर पकड तिथंच टाकून निघून गेला.

पुढच्या थंडीत आम्ही माहूरला देवीला गेलो. जावेनं मुद्दाम तीच साडी नेसली, वर खांद्यावर घोंगडी. चालताना चटचट वाजायचं. दीर पार मागं राहिले. सासू चार हात लांबून, तोंडावर पदर दाबून चढत होती. आणि माझी जाऊ, पडलेल्या दाताची खिंड सगळ्या जगाला दाखवत, खदखदा हसत होती.