कानावरची माशी

गल्लीत तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे तोफ. ते नाव तिला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. नावाला साजेसं तिनं करूनही दाखवलं होतं. कोपऱ्यावरचा गवंडी एकदा दारू पिऊन बायकोला केसांनी धरून फरफटत होता. गल्लीतले बाप्ये पटापट खिडक्या लावून घेत होते. तोफ नळावर कपडे धूत होती. ती हातातलं धोपाटणं घेऊन तशीच उठली आणि गवंड्याला तिनं ओल्या चादरीसारखा बडवून काढला. त्याचे दोन दात मोरीत सापडले. ते तिनं उचलून त्याच्या तळहातावर ठेवले. म्हणाली, "नीट बघून घे. उद्या म्हणशील, तिसराही पडला होता आणि तो मावशीनं ठेवून घेतला."

त्या दिवसापासून गवंडी तिला बघितलं की रस्ता बदलायचा.

देवानं तिच्या हाताला जसा जोर दिला होता तशीच चवही दिली होती. साधे बटाटे तव्यावर टाकले तरी वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहत. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत. मुंगीलाही बाजूला होऊन वाट देणारा माणूस. त्याला फोटोचा नाद होता. सुट्टीच्या दिवशी हा गळ्यात कॅमेरा अडकवायचा, ती पिशवीत स्टोव्ह, तवा, कांदे भरायची, मधे पोरगा, आणि मिळेल ती बस पकडून तिघं निघायची. कुठे धरण, कुठे टेकडी, कुठे नुसतंच मोठं झाड. तिथे दगड मांडून ती रांधायची आणि घड्याळजी फोटो काढायचा. जेवताना तोफ इतकी खूश असायची की पोराच्या ताटात स्वतःच्या वाटणीचा मासा टाकायची. पोरगा मात्र तो मासा तिच्याकडे बघत बघत खायचा.

कारण हाताचं सांगता येत नव्हतं. पाणी सांडलं, फटका. बस चुकली, फटका. फोटोत हसला नाही म्हणून फटका, आणि मग रडत का होईना पण हसला. घड्याळजी अशा वेळी कॅमेरा डोळ्याला लावून दुसरीकडे वळायचा. झाडाचे, ढगांचे, दगडांचे त्यानं खूप फोटो काढले. ते काढताना मागे काय चाललं होतं ते फोटोत येत नाही.

पोरगा आठ वर्षांचा असताना तिनं त्याला दुधाकडे बघायला सांगितलं आणि ती बाजारात गेली. पोरगा बापाचे फोटो बघत बसला. ती परत आली तर दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, पातेलं काळं पडलेलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाताशी लोखंडी पळी होती, तीच बसली. डावा कान. पोरगा ओरडलासुद्धा नाही, नुसता खाली बसला, आणि बोटांच्या फटीतून रक्त कोपरापर्यंत आलं. डॉक्टरला तिनं सांगितलं, जिन्यावरून पडला. घड्याळजीनं मान हलवली. उजाडेपर्यंत ती पोराच्या उशाशी देवाचं नाव घेत बसली, सकाळी त्याला चार अंडी करून घातली, पण त्या कानानं पोराला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. पुढे घरात सगळे जिन्याचीच गोष्ट सांगू लागले. सांगून सांगून तिला स्वतःलाही जिना दिसायला लागला.

पोरगा मोठा झाला, नळ जोडायचं काम शिकला. दिवसभर नट आवळायचे पाने फिरवून त्याची मनगटं लोखंडाची झाली, पण जीभ बापावर गेली. त्याला बायको मिळाली ती नर्स. ती घरात नवी होती तेव्हाच एकदा फोटोंचं बाड घेऊन बसली. बघता बघता तिनं सात-आठ फोटो जमिनीवर ओळीनं मांडले.

"आई, ह्यांच्या कानाला काय होत होतं?"

"का गं?"

"प्रत्येक फोटोत डावं कोपर वर आहे. हा बागेतला बघा. हा धरणावरचा. हा तर बसच्या खिडकीतला."

तोफ खदखदून हसली. हा घरातला जुना विनोद होता. "अगं, माशी! ह्याच्या कानावर माशी बसल्याशिवाय फोटोच निघायचा नाही. ह्याचा बाप म्हणायचा, माशीलाही पैसे देऊन बोलावलंय काय रे?"

सून हसली नाही. तिनं प्रत्येक फोटोत पोराच्या डाव्या अंगाला कोण उभं आहे ते बोटानं दाखवलं. तिथे सगळीकडे तोफच होती. आणि ज्या दोन फोटोंत पोरगा एकटा होता, त्यांत त्याचे हात सरळ खाली होते.

"आजकालच्या मुली," तोफ म्हणाली आणि कांदा चिरायला उठली. त्या दिवशी कांदा फार बारीक चिरला गेला.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्या आल्या, पाळण्यात ठेवायच्या आधी, सून सासूसमोर उभी राहिली. "आई, तुमच्या हातचं खाऊन मी दोन जिवांची झाले, ते विसरणार नाही. पण एकच सांगते. हिच्यावर हात पडला, तर त्या दिवसापासून ही तुम्हाला दिसणार नाही."

"मला शिकवतेस?"

"सांगतेय."

तोफ पोराकडे बघायला लागली. पोरगा चांगला कान बायकोकडे करून उभा होता.

या नातीवर, म्हणजे चिमणीवर, तोफेचा जीव जडला. असा जडला की तोफ नव्या माणसासारखी झाली. रोज सकाळी देवापुढे बसून म्हणायची, "हात माझा आहे, पण लगाम तू धर." राग आला की ती गच्चीवर जाऊन गादी झोडपायची. गल्लीतली माणसं म्हणायची, तोफेच्या घरच्या गाद्यांइतक्या स्वच्छ गाद्या गावात नाहीत. चिमणी नऊ वर्षांची झाली तरी तिच्या अंगाला आजीचं बोट लागलं नव्हतं. म्हणून तर ती आजीच्या गळ्यात झेप घ्यायची, मागून येऊन डोळे झाकायची, तिची वेणी ओढायची. घड्याळजी गेल्यावर त्याचा कॅमेरा तोफेनं फडक्यात बांधून ठेवला होता. तो तिनं चिमणीच्या गळ्यात घातला. "आजोबांचा जीव आहे ह्याच्यात. सांभाळ."

आता सुट्टीला सगळे पोराच्या सामानाच्या टेम्पोतून निघत. पाइप बाहेर काढायचे, सतरंजी टाकायची आणि चला. रांधणारी तीच, फोटो काढणारी चिमणी.

त्या सुट्टीला ते नदीवर गेले. तव्यात मासे तडतडत होते. पोरगा पाण्यात पाय सोडून बसला होता, सून पाव कापत होती. चिमणी फोटो काढत काढत पलीकडच्या झाडाखाली गेली. तिथे काही माणसं बाटल्या घेऊन बसली होती. एकदम तिची किंचाळी आली.

लाल बनियन घातलेल्या एका दांडगटानं कॅमेरा धरला होता. कॅमेऱ्याचा पट्टा चिमणीच्या गळ्यात होता, त्यामुळे तो कॅमेरा ओढत होता आणि पोर फरफटत होती. "कुणाला विचारून फोटो काढलास गं? आं? कुणाला विचारून?" पट्टा गळ्यात रुतून तिचा आवाजच बंद झाला.

तोफ उठली ती तवा घेऊनच. पदर हाताला गुंडाळला होता की नाही तेही तिला कळलं नाही. तेल आणि मासे त्याच्या पोटऱ्यांवर गेले. तो बोंबलत वाकला, तसा तवा त्याच्या कानशिलावर बसला. घंटा वाजावी तसा आवाज झाला. "पोरीचा गळा आवळतोस? रांडेच्या, पोरीचा?" दुसरा फटका नाकावर. रक्ताची धार बनियनवर आली, पण लालावर लाल, दिसलीच नाही. त्याचे सोबती उठले, तर हिच्या डाव्या हातात उलथणं होतं. एकाच्या गालावर त्याची कड उमटली. मग मात्र त्यांना पळता भुई थोडी झाली. लाल बनियनवाला दोनदा पडला, उठला, लंगडत काठ चढून गेला.

तोफ धापा टाकत उभी राहिली. केस सुटलेले, तळहात पोळलेला, अंगात नुसती आग. आयुष्यात तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग तिला कॅमेरा दिसला. पट्टा तुटून तो दगडावर आपटला आणि उघडला होता. काच निखळून पडली होती आणि आतलं रीळ आतड्यासारखं बाहेर लोंबत होतं.

चिमणी रडत, दोन्ही हात पसरून आजीकडे धावत आली.

"तुला कुणी सांगितलं होतं तिकडे मरायला!"

हात त्याच झोकात गेला. डावा कान. चिमणीनं कोपर वर केलं नाही. कोपर वर करायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. हात पसरलेले होते तसेच राहिले आणि ती आडवी पडली.

हात पुन्हा वर गेला. पण खाली आला नाही, कारण मनगट पोरानं पकडलं होतं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. तोफेनं हिसडा दिला. पोरानं पान्यानं नट आवळावा तसं आवळलं आणि पिळलं. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो नदीच्या पलीकडेही गेला असेल.

पोरगा स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

सुनेनं आधी लेकीचा कान बघितला, तिला उचलून टेम्पोत बसवलं. मग परत आली. सासूचं मनगट सरळ धरलं, शेजारी पडलेलं उलथणं उचललं, पुसलं, त्याच्या दांड्यावर हात ठेवून ओढणीनं घट्ट बांधला. तोफ कळवळली तरी सुनेचा हात हलला नाही.

"आई," बांधून झाल्यावर ती म्हणाली, "मी सांगितलं होतं."

चिमणीच्या कानाचा पडदा शाबूत निघाला. आठवड्याच्या आत ते तिघं दुसरीकडे राहायला गेले. तोफ खिडकीशी बसून पाइपांच्या टेम्पोत गाद्या चढताना बघत होती. गवंड्याची बायको खालून म्हणाली, "मावशी, काही लागलं तर हाक मारा हो." तिच्या डोळ्यांत कणव होती. दात पडले तेव्हा गवंड्याला लागलं नसेल इतकं ते तोफेला लागलं.

प्लास्टरमध्ये हात, रांधणार कसं? दुपारी काम सोडून पोरगा यायचा. भात टाकायचा, अंड्यांचा रस्सा करायचा. त्याच्या हातालाही चव होती, हे तिला आता कळलं. डाव्या हातानं तिला धड घास घेता येत नव्हता, तेव्हा एक दिवस त्यानं चमचा भरला, समोर बसला आणि तिच्या तोंडाकडे हात उचलला.

तोफेचं डावं कोपर वर गेलं. आपोआप. कानाशी जाऊन थांबलं.

रस्सा चमच्यातून थेंब थेंब ताटात पडत होता.

"माशी..." ती पुटपुटली.

"काय?" त्यानं मान वळवून चांगला कान पुढं केला.

तिला वाटलं, नाही ऐकलं तर बरंच. पण तो कान तिच्या तोंडाशी थांबून राहिला होता. "माशी कधीच नव्हती रे," ती म्हणाली. "जिनाही नव्हता. कान मी फोडला."

"माहीत आहे, आई. मी तिथंच होतो."

त्यानं चमचा पुन्हा भरला. ती घासाकडे बघेना. "चिमणीला कधी आणशील?"

"विचारलं तिला."

"काय म्हणाली?"

पोरगा चमच्यानं रस्सा ढवळू लागला. "म्हणाली, आजीचा कुठला हात मोडलाय? मी म्हटलं, उजवा. तर म्हणते, मग डावा अजून चांगलाच आहे ना?" त्यानं चमचा परत भरला. "तोंड उघड. गार होतंय."

चमचा वर आला. तोफेनं डावा हात मांडीखाली घातला, अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला आणि तोंड उघडलं.