मधला माणूस

आमच्या घरात नवरा-बायकोनं एकमेकांशी थेट बोलायची पद्धत नव्हती. भांडण असायचं म्हणून नव्हे, सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असतानाही नव्हती. मी लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा सासरे बाहेरच्या सोप्यात बसलेले असायचे, आणि त्यांच्यादेखत बायकोला हाक मारली म्हणजे पोरानं लाज सोडली, असा सरळ अर्थ व्हायचा. त्यामुळं आमचे हे कामावरून आले की सासूबाईंना विचारायचे, "आई, च्या झाला का बघ की." मी तिथंच, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर चहा गाळत असायची. सासूबाई माझ्याकडं वळायच्या, "च्या झाला का गं?" मी म्हणायची, "झाला." मग त्या पुन्हा तिकडं वळून सांगायच्या, "झालाय." यात कुणालाच काही विचित्र वाटत नव्हतं. मलाही नाही.

सासू-सासरे गेले तोवर आमची मुलगी बोलायला लागली होती. आता आम्हाला अडवणारं घरात कुणी नव्हतं, पण सवय लागली ती लागलीच. "तुझ्या आईला इच्चार, गाडीची किल्ली कुठं ठेवल्या." "तुझ्या पप्पांना सांग, त्यांच्याच खिशात आहे." लेक अभ्यासातून मान वर न काढता दोन्हीकडचं पोचवायची, आणि आमच्या बोलण्यातला तिखटपणा मधल्या मध्ये गाळून टाकायची. आमचा संसार चांगला चालला होता असं मी म्हणते, त्यात तिच्या त्या गाळण्याचा वाटा किती, हे तेव्हा कळलं नाही.

गंमत अशी की आम्ही दोघंही मुकी माणसं नव्हतो. मी हायस्कुलात मराठी शिकवायची, म्हणजे बोलण्यावरच माझं पोट. बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, असं पोरांना दरवर्षी घसा ताणून सांगायची. ह्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. मशीनच्या आवाजावर आवाज काढून काढून ह्यांचं साधं बोलणंही कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत जातं. रस्त्यात अनोळखी माणूस भेटला तरी "काय पावणं, गाव कंचं?" इथून सुरुवात करून त्याच्या मामाच्या गावापर्यंत पोचतील. असा हा माणूस घरात पाऊल टाकलं की तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा.

मुलीचं लग्न झालं. ती वारणानगरला कॉलेजात शिकवते, सासरही तिथलंच. त्याच वर्षी मी निवृत्त झाले. घरात आम्ही दोघं उरलो आणि मधला माणूस गेला.

मग जे सुरू झालं ते सांगायला आज हसू येतं. मी स्वयंपाकघरात, हे बाहेरच्या खोलीत, आणि माझा मोबाईल वाजायचा. वारणानगरहून लेक. "आई, पप्पा म्हणताहेत, भाजीत मीठ जास्त पडलंय." मी म्हणायची, "त्यांना म्हणावं, दही घ्या." पलीकडं तिच्या वर्गाची घंटा वाजत असायची. ह्यांच्या ताटात दही पडायला फोन वारणेपर्यंत जाऊन परत यायचा.

पण मला हसू येत नव्हतं. मला झोप लागेना. मेथी निवडता निवडता डोळ्यांतून पाणी यायचं आणि कशासाठी ते कळायचं नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं, सगळं ठीक निघालं. "आता काय, आराम करा," ते म्हणाले. आरामानंच तर जीव चालला होता. दिवसभर माझ्या तोंडून दूधवाल्याशी झालेलं बोलणं सोडलं तर शब्द निघत नव्हता. मला एकटं वाटायचं, आणि रागही यायचा. घरात धडधाकट नवरा असताना एकटं वाटतं म्हणजे काय?

मलकापूरला माझा भाऊ आहे. त्याला मी फोन केला, "मी तिकडंच राहायला येते." त्यानं कारण विचारलं नाही. "ये की, घर तुझंच हाय," म्हणाला. मी बॅग भरली आणि मुलीला फोन लावला.

"तुझ्या पप्पांना सांग, मी मलकापूरला चाललेय. कायमची."

आणि माझी ती गुणाची, कधी आवाज न चढवणारी लेक अशी काही कडाडली की मी फोन कानापासून लांब धरला. "न्हाई सांगणार मी! मिठाचं सांगितलं, गॅसचं सांगितलं, किल्लीचं सांगितलं. आई, नवऱ्याला सोडून जायचं असंल तर निदान तेवढं तरी तूच सांग की!"

मग तीही रडली, मीही रडले. रडणं आवरल्यावर तिनं अट घातली. राजारामपुरीत एक समुपदेशक बाई आहेत, कॉलेजातल्या कुणीतरी चांगलं सांगितलंय. दोघांनी जायचं. तोवर मलकापूर नाही. "आणि पप्पांना हे तू सांगायचंस," ती म्हणाली.

मी सांगितलं. टीव्हीकडं बघत सांगितलं, पण सांगितलं. "मी मलकापूरला जायचं म्हणतेय. त्याआधी एकदा एका बाईंकडं जायचंय, दोघांनी." ह्यांनी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी हे वर्कशॉपला गेले नाहीत. आजारी पडल्याशिवाय असं कधी झालं नव्हतं.

ठरल्या दिवशी आम्ही राजारामपुरीत पोचलो तर जिन्यापाशी ह्यांचे थोरले चुलतभाऊ आणि तालमीतला एक दोस्त कडक इस्त्रीचे कपडे घालून उभे. मी थक्कच झाले. पण ह्यांच्या दृष्टीनं ते रीतीला धरूनच होतं. घरचा वाद कुणापुढं न्यायचा म्हणजे बैठक, आणि बैठकीला आपली दोन माणसं नकोत?

समुपदेशक बाई बाहेर आल्या. तरुण होत्या, आमच्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. आम्हा चौघांना बघून त्या जराही बिचकल्या नाहीत. "काका-काकू आत येतील. तुम्ही दोघांनी बाहेर बसायचं."

"मॅडम, ह्यांच्या लग्नाची सुपारी मी फोडल्या," थोरले भावोजी म्हणाले. "मोडायचं असंल तर मला इच्चारूनच मोडंल."

"मोडायला कुणी आलेलं नाही," त्या हसून म्हणाल्या. "बंद पडलेलं घड्याळ असतं ना, त्याला जरा किल्ली द्यायचीय. वेळ लागेल, तुम्ही चहा पिऊन या." दोघं मिसळ खाऊन घरी गेले, असं नंतर कळलं.

आत गेल्या गेल्या हे सुरू झाले. "मॅडम, हिला इच्चारा, मी काय कमी केलंय? दारू न्हाय, पत्ते न्हाईत." मी म्हटलं, "मॅडम, यांना सांगा, मी दारूबद्दल बोललेच नाही." हे म्हणाले, "मग कशाबद्दल, ते इच्चारा की." असं बराच वेळ चाललं. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवलं.

"मी इचलकरंजीची. आमच्या घरात आजोबांपासून सगळे यंत्रमागावर," त्या म्हणाल्या. "शेडमध्ये एवढा खडखडाट असतो, की अब्बांना काही सांगायचं तर त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायला लागायचं. तोंडाकडं बघितल्याशिवाय कळायचंच नाही. तुम्ही दोघं आल्यापासून माझ्या तोंडाकडं बघताय. मी तर तुमच्या घरात राहत नाही."

त्यांनी आमच्या खुर्च्या समोरासमोर करायला लावल्या आणि आपली खुर्ची खिडकीशी नेली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर आम्ही समोरासमोर बसलो आणि एकमेकांच्या चपलांकडं बघू लागलो.

मला वाटलं होतं, त्या उपदेश करतील. उपदेशाचा आम्हाला कधी तोटा नव्हता, नातेवाईक कमी आहेत का? त्यांनी तो केलाच नाही. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं जे ऐकलं तेवढंच परत सांगायचं, उत्तर द्यायचं नाही, एवढंच सांगितलं. मी मनात म्हटलं, हे तर मी पाचवीच्या पोरांकडून करून घ्यायची. आणि त्यात मीच नापास झाले. हे म्हणाले, "हिच्या शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला. मला चल म्हणाली न्हाय. मी नवा शर्ट घेतलावता." मला परत सांगायचं होतं, पण मी म्हटलं, "पत्रिका टेबलावरच ठेवली होती." बाई खिडकीजवळून म्हणाल्या, "काकू, खुलासा नको. काय ऐकलं?" मला ते परत म्हणावं लागलं. चल म्हणाली नाही. नवा शर्ट घेतला होता. स्वतःच्या तोंडून ते बाहेर पडलं तेव्हा कुठं ते मला ऐकू आलं, आणि फार वाईट वाटलं.

जात राहिलो. हे वर्कशॉपमधून हात धुऊन यायचे, मी रिक्षानं जायची. दर वेळी काही मोठं घडायचं असं नव्हे. एकदा आम्ही अख्खी बैठक टीव्हीच्या आवाजावर भांडलो. ह्यांनी बाहेर पडताना विचारलं, "मॅडम, नुसतं बोलून काय होतंय?" त्या म्हणाल्या, "न बोलून काय झालं ते बघितलंय की आपण." बॅग अजून भरलेलीच होती, आणि ती ह्यांना रोज जाता-येता दिसायची.

मग एका दुपारी मी ते बोलले, जे कधीच कुणामार्फत सांगितलं नव्हतं, कारण ते पोरीच्या हाती द्यायची चीज नव्हती. माझे वडील गेले तेव्हा हे मला घेऊन मलकापूरला आले. दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. माती देऊन स्मशानातून आल्यावर कुठं गायब झाले तेही कळलं नाही. घराच्या मागं तंबाखू चोळत बसले असतील, असं मी धरून चालले. "त्या दिवशी मला तुम्ही हवे होता," मी म्हटलं. "मला फार एकटं वाटलं. तेव्हापासून वाटतंय."

ह्यांनी ते परत सांगितलं. हळू आवाजात, जो आवाज ह्यांच्याकडं आहे हेच मला माहीत नव्हतं. "त्या दिवशी तुला मी पायजे हुतो. तुला एकटं वाटलं." मग बाईंकडं बघितलं. बाईंनी मान हलवली, की आता तुमचं सांगा.

"मला काय बोलायचं कळंना," हे म्हणाले. "तू रडाय लागलीस की मला उभं ऱ्हाता येत न्हाय. न्हाणीमागं चूल हुती, तिथं जाऊन पाणी तापवत बसलो. मातीचं सगळं माणूस अंघोळीला हुतं. पयली बादली तुझी भरून ठेवलीवती."

ती बादली मला आठवली. वहिनीनं ठेवली असेल, असं समजून मी अंघोळ केली होती. पाणी चांगलं कढत होतं.

मला वाटलं, आता बाई म्हणतील, बघा काकू, किती माया आहे. त्या म्हणाल्या, "काका, पाणी पोचलं. पण ते तुम्ही दिलंय, हे काकूंना कसं कळणार?" मग बाईंनी विचारलं, "मलकापूरला जायचं चाललंय, त्याबद्दल काकूंना काही सांगायचंय?"

हे मांडीवर तळहात घासू लागले. लेथवाल्या माणसाचे हात, कितीही धुतले तरी रेषांमध्ये काळं राहतंच. मग माझ्या चपलांवरून नजर वर आणून हे मला म्हणाले, मलाच म्हणाले, "तू जाऊ नको. तू तिकडं गेलीस, तर मी कुणासंगं गप बसू?"

जन्मात मला कुणी असं काही म्हटलं नव्हतं. मी ज्याला मुकेपणा म्हणून कंटाळले होते, ती ह्यांच्या लेखी सोबत होती. माया वाटली आणि त्याच्या दुप्पट राग आला.

"अहो, मग हे घरात का नाही सांगितलं?"

ह्यांनी खरंच गोंधळून माझ्याकडं बघितलं. "घरात कुणाला सांगणार?" हे म्हणाले. "घरात तू एकटीच की."

मला हसू फुटलं, आणि हसता हसता एवढं रडू आलं की खिडकीजवळच्या खुर्चीकडं बघायचीही लाज वाटली. ह्यांना माझं रडणं बघवेना, पण ह्या वेळी उठून जायला चूल नव्हती. हे बसून राहिले. घरी येऊन मी भावाला फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं. हे दारात उभे राहून ऐकत होते. फोन ठेवल्यावर हे पुढं आले आणि "काय म्हणला गं?" असं त्यांनी थेट मलाच विचारलं.