चावीभर लांब

कोरोनाच्या दिवसांत नळावर दोन बायका जरा जवळ सरकल्या, की गल्लीला पाणी सोडणारे, सगळ्यांचे मामा आपली चावी दोघींच्या मधे आडवी धरायचे आणि म्हणायचे, "चावीभर लांब!"

चावी म्हणजे कुलपाची नव्हे. रस्त्यातलं झाकण उचलून खालचा पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायची, छातीइतक्या उंचीची जड लोखंडी सळई. मामा ती रस्त्यावरून ओढत आणायचे. तो खडखडाट ऐकू आला की आमच्या गल्लीत घागरी बाहेर पडायच्या.

तुम्ही सोलापूरचे असाल तर चावीवाल्याचं मोठेपण तुम्हाला सांगायला नको. चार दिवसांआड पाणी. ज्याच्या हातात चावी त्याला आम्ही जावयासारखा मान देतो, आणि पाणी लवकर गेलं की त्याच्याच सात पिढ्यांचा उद्धार करतो. मामा दोन्ही गोष्टी सारख्याच शांतपणे ऐकून घ्यायचे.

कोरोना आला आणि टीव्हीवर सारखं सांगायला लागले, नळाखाली वीस सेकंद हात धुवा. शेजारच्या अक्का, यंत्रमागवाल्या घरातल्या, तेलुगू बोलणाऱ्या, टीव्हीवरच चिडल्या. "हात धू म्हणतोय! आधी त्याला म्हणावं, नळाला पाणी सोड."

त्यावर मामांनी तोड काढली. ताजं पाणी आलं की घरातलं उरलेलं 'शिळं' पाणी गटारात ओतायचं, ही आमची जुनी खोड. पाण्याची टंचाईही आम्हीच सोसायची आणि पाणीही आम्हीच फेकायचं. मामांनी नळ सुरू करायच्या आधी चावी आपटून जाहीर केलं, "शिळं टाकायचं न्हाय. शिळं हाताला, ताजं घशाला!" आठ दिवसांत प्रत्येक दारात शिळ्या पाण्याची बादली, तांब्या आणि साबणाची वडी आली. मामा जाता-येता डोकावून बघायचे. वडी झिजली नसेल तर त्या घराचं काही खरं नसायचं. "साबन काय पूजेला ठिवलाय व्हय?"

एकदा मी त्यांना डिवचलं. "मामा, तो विषाणू दिसत नाही, काही नाही. तुमचा एवढा विश्वास कसा?"

"पायपातलं पानी तरी दिसतं का? म्हनून काय ते येत न्हाय व्हय?" मग म्हणाले, "मागं एकदा पायपात गटाराचं पानी शिरलं होतं. दिसायला नितळच होतं. दोन गल्ल्या जुलाबानं आडव्या झाल्या. तवापास्नं न दिसनाऱ्याला मी लई भितो."

नळावरची गर्दीही त्यांनीच मोडली. "नंबरला घागरी थांबतील, मान्सं न्हाय." घागरींची रांग नळापाशी, माणसं आपापल्या उंबऱ्यात. झाकणावर चावीचा एक ठोका, की एका घराने यायचं, भरायचं, जायचं. अक्कांना हे मुळीच पटलं नव्हतं; नळावरची त्यांची अर्धी करमणूक गेली होती. त्या पुढे आल्या की मामा ओरडायचे, "दूरम, अक्का, दूरम!" तेलुगूतला तेवढाच एक शब्द त्यांना येत होता. अक्का तेलुगूत लांबलचक उत्तर द्यायच्या आणि मामा प्रत्येक वाक्याला मान डोलवायचे.

आता आमच्या घरचं सांगतो. माझ्या आईला दमा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "यांना हा आजार होऊ देऊ नका. झाला तर माझ्या हातात फार काही नाही." माझं झेरॉक्सचं दुकान बंदच होतं. मी घरात बसून आईचा श्वास मोजत होतो.

सगळ्या गल्लीला नियम शिकवणारे मामा फक्त आमच्या दारात नियम मोडायचे. पाणी बंद करून झालं की ते आमच्या पायरीवर बसत. चावी भिंतीला टेकवलेली, मास्क हनुवटीखाली, हातात आईने दिलेला चहा. आई उंबऱ्यातच बसायची. "भाऊ, आज दमला का?" म्हणायची. गल्लीत तेवढा एकच माणूस तिच्याशी बोलायला येत होता, म्हणून मीही गप्प बसायचो.

आणि एका पाण्याच्या दिवशी मामा आलेच नाहीत. सात वाजले, नऊ वाजले, घागरी उन्हात. मी फोन केला. "आज मी येत न्हाय. दुसऱ्याला सांगितलंय," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी गल्लीच्या ग्रुपचा ॲडमिन. माझ्यातला पुढारी उसळून आला. लिहिलं, "चावीवाल्यांना गल्लीची किंमत नाही. कामचुकारपणाची हद्द झाली." पटापट अंगठे आले. दुपारी एकच्या सुमाराला कुणी अनोळखी माणूस आला आणि पाणी सुटलं.

खरं काय ते दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने सांगितलं. आदल्या संध्याकाळी मामींना ताप भरला होता. मामांना स्वतःला काहीही होत नव्हतं, साधी शिंकसुद्धा नाही. तरी त्यांनी चावी साबणाने धुऊन दाराबाहेर उन्हात ठेवली आणि त्याला सांगितलं, "हितनंच उचल. आत येऊ नगं." चार दिवसांनी मामांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

त्या दिवशी ते आले असते तर पायरीवर बसले असते. आईने चहा दिल्याशिवाय त्यांना सोडलंच नसतं. मी धावत मोबाइल घेतला, मेसेज पुसायला गेलो, पण तो फक्त माझ्याच फोनवरून पुसला गेला. मग आठवलं, महिन्यापूर्वी मामांना त्या ग्रुपमध्ये मीच घेतलं होतं.

मामा-मामी दोघंही बरी झाली. मामा परत आले, चावीचे ठोके पुन्हा सुरू झाले. मेसेजबद्दल चकार शब्द नाही. मीही काढला नाही. धीरच झाला नाही, खरं सांगायचं तर.

मागच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि माढ्याकडे आपल्या गावी राहायला गेले. जायच्या आदल्या दिवशी निरोपाला आले. चहा झाल्यावर मी कसाबसा सुरू झालो, "मामा, तेव्हा ग्रुपवर मी…"

"त्या दिशी गल्लीला पानी लई उशिरा मिळालं बग," ते मधेच म्हणाले. "वाईट वाटलं मला."

मी रिकामा कप उचलला. आईने मात्र दोन्ही हात जोडले. तिला सगळं माहीत होतं.

आता नवा चावीवाला मोटरसायकलवर येतो. आमच्या दारात शिळ्या पाण्याची बादली अजून आहे, आई रोज साबण बघते. गेल्या आठवड्यात पाण्याच्या दिवशी तिने पहिली घागर स्वतः उचलून आत आणली, धाप न लागता. मी ते बघितलं आणि मोबाइल काढला. ज्या ग्रुपवर शिवी दिली, त्याच ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "मामा, त्या दिवशी तुम्ही आला नाहीत, म्हणून माझी आई आज आहे. मी तुम्हाला कामचुकार म्हणालो होतो. मला माफ करा."

मग मामांचं उत्तर आलं.

"पाणी आलं का आज?"

मी लिहिलं, "आलं, मामा."