दगडावर काकांचं नाव

शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे त्यांचा धंदा लिहायचा असे. मी आईला विचारी, आणि ती दरवर्षी तेच सांगे, "बोटीर आसत म्हणान लिव." मी लिही. लढाईत वडिलांची बोट बुडाली आणि ते परत आले नाहीत, हे मुलुंडच्या आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. आईच्या कपाळावर मात्र रुपयाएवढं कुंकू होतं.

घोटाळा काकांच्या नळीने केला होता. बोटीवर जायचं तर खलाशाचं सरकारी पुस्तक लागे, आमच्याकडे त्याला नळी म्हणत. वडिलांची नळी झाली नव्हती. माझ्या चुलतकाकांची झाली होती, पण बोट सुटायच्या आठवड्यात ते तापाने फणफणले. तेव्हा वडील काकांची नळी घेऊन, काकांच्या नावाने बोटीवर चढले. गावात यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. भट्टीत कोळसा मारायला माणसं हवी होती, तोंड कोण बघतोय! पुढे पत्र आलं ते काका बुडाल्याचं. काका तेव्हा अंगणात पेज पीत बसले होते.

कागदावर मेलेल्या माणसाला पुन्हा बोट कोण देणार? काका घाटकोपरला एका गोदामात लागले. दर रविवारी आमच्याकडे जेवायला येत आणि आईच्या कपाळाकडे न बघता जेवत.

मी तेरा वर्षांची असताना मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाने चाळीजवळच्या देवळाबाहेर एक दगड बसवायचं ठरवलं. लढाईत मालाच्या बोटींवर गेलेल्या आपल्या माणसांची नावं त्यावर कोरायची होती. यादी कंपनीकडून आली, आणि तीत अर्थातच काका होते. घरच्यांनी स्वतःहून सांगितल्याशिवाय मंडळ तीत काही बदलणार नव्हतं. त्या रविवारी काकांनी हातातला घास खाली ठेवला.

"वहिनी, मंडळात खरा काय ता सांगान टाकतंय. दगडार दादाचाच नाव होया."

"सांगा ना काका!" मीच ओरडले. दगडावर वडिलांचं नाव म्हणजे केवढी ऐट! आई काकांच्या पानात भात वाढायला वाकली. काकांनी तेव्हा पहिल्यांदाच तिच्या कपाळाकडे बघितलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिकडे नाव चढलं की इकडे कुंकू उतरणार होतं. त्यानंतर माझं काही खरं राहिलं नाही. नाव हवं होतं, कुंकूही हवं होतं. मध्येच दोन्हींचा राग येई. वडील आहेत की नाहीत, एवढं साधं कुणीतरी एकदाचं सांगावं असं वाटे, आणि सांगतील या भीतीने मी कुणाला विचारत नसे.

काकांनाही धीर झाला नाही. दगड बसला तो त्यांच्याच नावाचा.

समारंभाला एकेक नाव वाचलं जाई आणि त्या घरचं माणूस पुढे होऊन फुलं वाही. काकांचं नाव आलं. घरचं माणूस म्हणून कोण उठणार? काका स्वतःच माझ्या शेजारी घामाघूम होऊन बसले होते. ते अर्धवट उठले, म्हणाले, "ह्या नाव..." तोवर आई उठली होती. ती सरळ दगडापाशी गेली, काकांच्या नावाखाली फुलं ठेवली, आणि कपाळ दगडाला टेकून बराच वेळ तशीच राहिली. बायका कुजबुजल्या. काका तोंडावर पंचा धरून रडत होते.

घरी आल्यावर मला राहवेना. "फुलं कुणाला वाहिलीस?"

"भावोजींका."

"काका तर बाहेर बसलेत!"

"दगडार तुझ्या बापाशीचा नाव आसा?"

"नाही."

"मगे?"

ती आरशासमोर बसली. दगडाला टेकल्याने कुंकू फिसकटलं होतं. तिने ते पुसून नव्याने लावायला घेतलं, पण ते दोनदा वाकडं गेलं. मग तिने करंडा माझ्यापुढे धरला.

"तू लाव गो."

मी लावलं. नेहमीपेक्षा मोठंच लावलं.