भूजल घासायचे ब्रश

ऑफिसात मला मसुदेमास्तर म्हणतात. म्हणजे, म्हणायचे. पालिकेच्या पाणी खात्यात तीस वर्षं मी कागद लिहिले. 'अटी व शर्ती' लिहिणं ही एक कला आहे, असं मी बायकोला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, "हो का? मग जेवायला कधी निघायचं?" कलेची कदर घरात होत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

तर झालं असं. एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यातली रसायनं वर्षानुवर्षं जमिनीत मुरली आणि खालचं पाणी नासलं. शहराच्या अकरा विहिरींपैकी सात बंद कराव्या लागल्या. आमच्या गल्लीत एक दिवसाआड टँकर यायला लागला. बायको गुडघ्याला पट्टा बांधून तिसऱ्या मजल्यावर डबे चढवायची. आणि मी? मी ऑफिसात पाण्याचंच काम करत होतो ना! "पाणी खात्यातल्या माणसाची बायको रांगेत!" असं शेजारीण म्हणाली, की मी पेपर जरा उंच धरायचो.

जमिनीखालचं पाणी शुद्ध कसं करायचं, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून सल्लागार नेमायचं ठरलं. साहेबांनी बोलावून घेतलं. "मास्तर, टेंडर फक्कड झालं पाहिजे. हेडक्लार्कची जागा रिकामी होतेय, लक्षात आहे ना?" लक्षात? मी तर मनातल्या मनात त्या खुर्चीवर टॉवेल टाकून मोकळा झालो होतो.

असलं टेंडर मी जन्मात लिहिलं नव्हतं. पण घाबरतो कोण? पोहण्याच्या तलावाच्या देखभालीचं जुनं टेंडर कॉम्प्युटरवर होतं, छप्पन्न अटींचं, अस्मादिकांनीच रचलेलं. पाणी ते पाणीच! जिथे जिथे 'तलाव' तिथे तिथे 'भूजल', असा हुकूम कॉम्प्युटरला सोडला. वर 'भूगर्भतज्ज्ञ' वगैरे चार शब्द पेरले. साहेबांनी गठ्ठ्याची जाडी बघून सही केली.

तीन आठवड्यांनी एक पत्र आलं. एका लहानशा कंपनीच्या इंजिनियर बाईंचं होतं. "अट ३४ : भूजलाचा तळ व भिंती दर सोमवारी ब्रशने घासून स्वच्छ कराव्यात. अट ४१ : भूजलात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने आंघोळ करणे बंधनकारक राहील. आपलं भूजल ऐंशी मीटर खोल वाळूच्या कणांमधून झिरपतं. त्यात कुणी उतरू शकत नाही. या अटींचा अर्थ कृपया कळवावा."

मी अट चौतीस काढून वाचली. देवा रे! अक्षर न् अक्षर खरं होतं. कान इतके तापले की पंख्याखाली जाऊन उभा राहिलो.

नियम असा, की एकाने शंका विचारली तर उत्तर सगळ्या कंपन्यांना कळवायचं. म्हणजे माझी अक्कल साऱ्या जगाला लेखी पाठवायची, तीही जावक क्रमांक घालून! मी पत्राची घडी केली आणि ड्रॉवरमध्ये सरकवली. आधी हेडक्लार्क होऊ, मग बघू, म्हटलं.

निवड समितीची बैठक भरली. तीन कंपन्या होत्या. दोन बड्या, रंगीत चित्रांच्या, एका वर्षात पाणी शुद्ध करून देणाऱ्या. तिसरी त्या बाईंची. तिने सहा वर्षं मागितली होती, आणि का लागतील ते विहीरवार लिहिलं होतं. मी कोपऱ्यात बसून बैठकीची नोंद घेत होतो.

साहेबांनी पानं उलटली. "पहिल्या दोघांनी टेंडरच्या प्रत्येक पानावर सही केलीय. तिसरीची दोन पानांवर सही नाही. अट चौतीस आणि एकेचाळीसच्या. नियमाने बाद. लिहा, मास्तर."

मी पेन टेकवलं. समोर पहिल्या कंपनीची माणसांची यादी उघडी पडली होती. सहज नजर गेली. 'भूजल घासण्यासाठी : कुशल कामगार सहा, लांब दांड्याचे ब्रश बारा.'

आधी हसूच आलं. मग लक्षात आलं. उद्या हेच लोक "पाणी शुद्ध झालं, प्या" असं सांगणार होते, आणि माझी बायको ते पिणार होती. कारण काय, तर कागदावर मी 'बाद' लिहिलं म्हणून. शूरबिर मी अजिबात नाही. पण पेन खाली ठेवलं.

"साहेब, ती अटच चुकलीय. मी चुकवलीय."

"कुठली अट?"

मग मला दोन्ही अटी मोठ्याने वाचाव्या लागल्या. आंघोळीपाशी सगळे खो खो हसले. समितीवरचे आरोग्य खात्याचे डॉक्टर तर चष्मा काढून डोळे पुसायला लागले. माझं तोंड इवलंसं झालं.

"मग त्या बाईंनी विचारलं कसं नाही?" साहेब हसतहसतच म्हणाले.

"विचारलं होतं. पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे."

हसणं तिथेच थांबलं. त्या शांततेपेक्षा आधीचं हसणं शंभर पटीने परवडलं असतं.

मला मेमो मिळाला. टेंडर दुरुस्त करून पुन्हा काढावं लागलं, त्यात शहराचे दोन महिने गेले. कंपनीची निवड मात्र नीट झाली, बाईंना काम मिळालं. हेडक्लार्कच्या खुर्चीत जावक टेबलावरच्या बाई बसल्या. त्या पत्रं वेळेवर पाठवतात.

घरी मी हे काहीच सांगितलं नव्हतं. शेवटी शेजारणीकडून कळण्यापेक्षा आपणच बरं, म्हणून एका रविवारी सकाळी सगळं ओकलो. बायको नुकतीच जिना चढून आली होती. खुर्चीत बसून गुडघा चोळत होती. मला वाटलं, ब्रशांपाशी तरी हसेल. हसली नाही.

"म्हणजे विहिरी सुरू व्हायला सहा वर्षं?"

"हो."

"आणि ते दुसरे एका वर्षात म्हणत होते?"

"हो, पण त्यांनी काही वाचलंच नव्हतं गं..."

"कळलं मला." तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "तेव्हा मी साठची असेन."

मी मान खाली घातली.

"चालेल," ती म्हणाली. "त्या बाईंना सांगा, घाई करू नका. नीट करा म्हणावं."